जळक्या सांगाड्याचे पंधरा कोटी

ऑगस्ट २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथे आरएम सदबीजच्या लिलावात एक फेरारी विकायला आली. फेरारी म्हणायची ती कागदावर. डोळ्यांना दिसत होता तो चुरगळलेला, आगीत करपलेला, गंजलेला पत्रा. तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं हेसुद्धा नीट निरखल्याशिवाय कळू नये. आपल्याकडे भंगारवाल्याने ती किलोच्या भावाने नेली असती. तिथे ती कमिशन धरून १८ लाख ७५ हजार डॉलरला गेली. तेव्हाच्या दराने साधारण साडेपंधरा कोटी रुपये.

ही बातमी आली तेव्हा ‘पैसा जास्त झाला की असं होतं’ हीच प्रतिक्रिया जास्त ऐकू आली. मला मात्र वाटतं, जुन्या इटालियन गाड्यांची किंमत कशी ठरते हे समजून घ्यायचं असेल तर याच सौद्यापासून सुरुवात करावी. चकाचक गाडीत किंमत कशाची आहे हे कळत नाही. रंग, चामडं, आवाज, वेग सगळं एकदम अंगावर येतं. या सांगाड्यातून ते सगळं जळून गेलं होतं आणि तरीही पंधरा कोटी उरले होते. ते कशाचे, एवढाच प्रश्न राहतो.

ती होती १९५४ ची ५०० मोंडियाल स्पायडर, म्हणजे उघड्या टपाची, चेसिस क्रमांक ०४०६ एमडी, बॉडी पिनिनफारिना या बॉडी बनवणाऱ्या कारखान्याची. त्याच वर्षी फ्रांको कोर्तेसेने ती मिले मिलिया शर्यतीत चालवली होती. कोर्तेसे म्हणजे १९४७ साली फेरारी नावाची पहिली गाडी शर्यतीत उतरवणारा ड्रायव्हर. पुढे गाडी अमेरिकेत गेली, साठच्या दशकात शर्यतीत आदळून जळाली, एका संग्राहकाने ती तशीच सांभाळली. २००४ मध्ये फ्लोरिडातल्या वादळात तो गाड्या ठेवायचा ती इमारतच या गाडीवर कोसळली. इतकं होऊनही एक गोष्ट तुटली नव्हती. हाच तो ०४०६ एमडी, हे सांगणारी साखळी अखंड होती.

गावाकडचा वाडा पडतो. छप्पर जातं, भिंती जातात, जोत्यावर बाभळी उगवतात. पण कागदावर नाव आणि नंबर शाबूत असेल तर जागा तुमचीच असते. तिथे पुन्हा घर उभं करता येतं. शेजाऱ्याने अगदी तसाच वाडा स्वतःच्या जागेत बांधला तरी तो तुमचा वाडा होत नाही. जुन्या फेरारीचं तंतोतंत तसंच आहे. आज इटलीत असे कारागीर आहेत जे ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून हुबेहूब मोंडियाल उभी करतील. ती खऱ्या गाडीपेक्षा सरळ आणि मजबूतही निघेल, पण ०४०६ एमडी होणार नाही. ज्याने पंधरा कोटी मोजले त्याने त्या नंबरचा सातबारा विकत घेतला. पत्रा सोबत आला.

या सातबाऱ्यावर काय काय नोंदलेलं असतं, ते आता पाहू.

आमच्या घरी प्रीमिअर पद्मिनी होती, कुर्ल्याच्या कारखान्यातली. फियाटच्या परवान्यावर बनलेली ती आमची इटालियन गाडी. तिचं इंजिन एकदा खराब झालं तेव्हा बाबांनी दुसऱ्या पद्मिनीचं इंजिन बसवून घेतलं. गाडी मस्त चालली. विकायची वेळ आली तेव्हा एजंटाने चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली, छाप घेतली, मग इंजिनाची घेतली, आणि आरसी बुक बघून मान हलवली. इंजिन नंबर जुळत नव्हता. आरटीओच्या दोन फेऱ्या झाल्या आणि गिऱ्हाईकाने सौदा दोन हजारांनी पाडला. पद्मिनीच्या बाबतीत विषय तिथे संपला. फेरारीच्या बाबतीत हीच गोष्ट कोटींवर जाते. कारखान्यातून बाहेर पडताना ज्या चेसिसवर जे इंजिन आणि जो गिअरबॉक्स होता तेच आजही असले, तर त्याला ‘मॅचिंग नंबर्स’ म्हणतात. मोठ्या जाणकारांच्या व्यवहारात पहिला प्रश्न हाच असतो.

जुन्या फेरारींच्या नंबरांतही माहिती दडलेली असते. रस्त्यावरच्या गाड्यांना विषम क्रमांक आणि निव्वळ शर्यतीसाठीच्या गाड्यांना सम, अशी मारानेल्लोची, म्हणजे फेरारीच्या कारखान्याची, रीत होती. आपली ०४०६ सम आहे, म्हणजे ती जन्मापासून शर्यतीची. शिवाय इंजिन आणि गिअरबॉक्सवर कारखान्याचा स्वतःचा आणखी एक आतला क्रमांक असे. त्याला ‘नुमेरो इंतेर्नो’ म्हणतात. बॉडी बनवणारा कारखाना वेगळा असल्याने त्याचे स्वतःचे नंबर बॉनेटच्या, दरवाजाच्या आतल्या बाजूला असत. खोटेपणा करणारा माणूस बहुतेक वेळा बाहेरून दिसणारा मोठा नंबर सांभाळतो. हे आतले छोटे नंबर त्याची फजिती करतात.

नंबर पाहण्याचीही पद्धत आहे. उजेड वरून टाकायचा नाही. टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवी धरायची. मग अंकांच्या आजूबाजूला ग्राइंडर फिरल्याचे बारीक ओरखडे असतील तर सावल्या पडून दिसतात. त्या काळी अंक हातोडीने एकेक करून ठोकलेले असायचे, त्यामुळे खऱ्या नंबरातला एखादा अंक किंचित तिरपा किंवा खोल असू शकतो. जाणकार त्या अंकांचं वळण त्याच वर्षाच्या दुसऱ्या गाड्यांच्या फोटोंशी ताडून बघतात. फार सुबक नंबर दिसला की त्यांचा हात खिशाकडे जात नाही, भिंगाकडे जातो.

कागदांची बाजू आता कारखानेच सांभाळतात. फेरारीचा क्लासिके विभाग २००० च्या दशकात सुरू झाला. तो मूळ नोंदींशी गाडी ताडून प्रमाणपत्र आणि एक लाल बांधणीचं पुस्तक देतो. लॅम्बोर्गिनीने २०१५ मध्ये पोलो स्तोरिको नावाने असाच विभाग काढला. कारखान्याबाहेरचे इतिहासकारही आहेत. स्वित्झर्लंडच्या मार्सेल मास्सिनीचं नाव फेरारीच्या लिलावांत वारंवार येतं. कुठली गाडी कुठल्या साली कोणाकडे होती याच्या नोंदी जमवण्यात या माणसाने आयुष्य घातलं. पण माझं स्पष्ट मत आहे की लाल पुस्तक मिळालं म्हणून डोळे मिटू नयेत. काही वेळा कारखाना स्वतःच योग्य प्रकारचं नवं इंजिन बसवून गाडी प्रमाणित करतो. ते प्रमाणपत्र खोटं नसतं, पण पुस्तकात इंजिनाबद्दल नेमके कोणते शब्द आहेत ते वाचावं लागतं.

आता दुर्मिळतेबद्दल. ‘कमी बनल्या म्हणून महाग’ हे वाक्य आपण सगळेच म्हणतो, आणि ते अर्धवट आहे. लॅम्बोर्गिनीची जारामा जेमतेम सव्वातीनशे बनली. मिउरा त्याच कारखान्यात साडेसातशेहून अधिक बनली. म्हणजे जारामा दुपटीहून जास्त दुर्मिळ, आणि तरी तिची किंमत मिउराच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास घुटमळते. लोकांना ती हवीशीच वाटत नाही, तिथे कमी असण्याचा उपयोग काय?

मिउरा मात्र सगळ्यांना हवी असते. यात माझा स्वतःचा जीवही गुंतलेला आहे, तेव्हा इथे जरा जास्त थांबतो.

नोव्हेंबर १९६५ मध्ये तुरिनच्या प्रदर्शनात लॅम्बोर्गिनीने नुसता सांगाडा मांडला. वर बॉडीच नाही. भोकं पाडून हलका केलेला पत्र्याचा सांगाडा आणि सीटच्या मागे आडवं बसवलेलं बारा सिलिंडरचं इंजिन. ते बघून लोक ऑर्डर द्यायला लागले. मार्च १९६६ मध्ये जिनिव्हात त्यावर बेर्तोने या बॉडी बनवणाऱ्या कंपनीच्या मार्चेल्लो गांदिनीने काढलेली बॉडी चढून आली. गांदिनी, इंजिनिअर जानपाओलो दाल्लारा आणि पाओलो स्तान्झानी, टेस्ट ड्रायव्हर बॉब वॉलेस, ही सगळी मंडळी तेव्हा तिशीच्या आतली होती. सुपरकार म्हणजे इंजिन पाठीमागे आणि माणूस जमिनीलगत, ही जगाच्या डोक्यातली कल्पना तिथून पक्की झाली.

तिच्या तीन मुख्य आवृत्त्या: पी४००, मग पी४०० एस, आणि १९७१ पासून एसव्ही. सुमारे २७५, ३३८ आणि १५०. शेवटची सगळ्यात महाग, साध्या पी४०० च्या दुप्पट किंवा त्याहून जास्त. फरक ओळखायची एक सोपी खूण आहे. पहिल्या दोन्हींच्या हेडलाइटभोवती काळ्या पट्ट्या आहेत, अगदी पापण्यांसारख्या. एसव्हीला पापण्या नाहीत, आणि मागचा भाग रुंद आहे. पण खरा फरक आत आहे. मिउराच्या इंजिनाचं आणि गिअरबॉक्सचं तेल एकच. गिअर घासून निघालेला धातूचा चुरा त्याच तेलातून इंजिनाच्या बेअरिंगपर्यंत जातो. शेवटच्या काही एसव्हींमध्ये ही दोन तेलं वेगळी केली. म्हणून ‘स्प्लिट संप’ (संप म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं पात्र) हे दोन शब्द कागदावर आले की किंमत आणखी उडी मारते. इथे किमतीमागे प्रत्यक्ष यांत्रिक कारण आहे, आणि मला अशी किंमत पटते.

पत्र्याकडेही बघायला हवं. सुरुवातीच्या शे-सव्वाशे मिउरांचा सांगाडा ०.९ मिलिमीटर पत्र्याचा होता, नंतर तो एक मिलिमीटर केला. आपल्या स्वयंपाकघरातला जाड बुडाचा टोप याहून जाड असतो. गाडीचा पुढचा आणि मागचा भाग ॲल्युमिनियमचा, मधला लोखंडाचा. दरवाजाखालची जी लांब पेटी असते तिच्यात पाणी साचतं आणि ती आतून कुजते. बाहेरून डेंटरने पुट्टी भरून, घासून, रंग मारून ती आरशासारखी केलेली असते. तिथे लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून फिरवावा. चिकटता चिकटता मध्येच पकड सैल पडली, की खाली लोखंड उरलेलं नाही. पुढच्या आणि मागच्या भागावर हा प्रयोग चालत नाही, कारण ॲल्युमिनियमला चुंबक मुळातच धरत नाही. तिथे रंगाची जाडी मोजणारं यंत्र लागतं.

फेरारी एफ४० मध्ये रंगच साक्ष देतो. १९८७ ची ही गाडी, एन्झो फेरारी हयात असताना आलेली शेवटची. वजन कमी ठेवण्यासाठी तिच्यावर रंग इतका पातळ मारला होता की तिरक्या उजेडात खालच्या केव्हलार-कार्बनचं विणकाम दिसतं, धोतराच्या पोतासारखं. एखाद्या एफ४० वर असा पोत अजिबात नसेल आणि रंग काचेसारखा गुळगुळीत असेल, तर ती कधीतरी पुन्हा रंगवलेली आहे. का रंगवली, हा पुढचा प्रश्न. बघणाऱ्याला जे वैभव वाटतं ते जाणकाराला अपघाताची खूण वाटते.

महाग आवृत्ती आणि स्वस्त आवृत्ती यांच्यात एवढं अंतर असलं की मधल्या मध्ये वेशांतर सुरू होतं. पी४०० ची एसव्ही करतात. फेरारी डेटोनाच्या बाबतीत तर हे उघडपणे घडलं. मूळ कूपे सुमारे १,२८० बनल्या, उघड्या टपाच्या स्पायडर फक्त १२० च्या आसपास. मग सत्तर-ऐंशीच्या दशकांत चांगल्या कूपेंची टपं कापून स्पायडर केल्या गेल्या. काम कितीही सफाईचं असो, खरी स्पायडर साध्या कूपेच्या कितीतरी पट किमतीला जाते आणि कापलेली गाडी कूपेच्याच आसपास अडकते. आणि ती परत कूपे करणं आणखी खर्चाचं. २५० जीटीई या चार सीटच्या बिचाऱ्या फेरारीची तर कत्तलच झाली. त्या साडेनऊशेच्या आसपास बनल्या होत्या, पुष्कळ स्वस्त होत्या, आणि त्यांच्या सांगाड्यावर, इंजिनांवर २५० जीटीओ या शर्यतीच्या, अतिमहाग फेरारीच्या नकला उभ्या राहिल्या. एक चांगली गाडी मारून दुसरीचं सोंग उभं करणं मला आजही बघवत नाही. २०१९ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या न्यायालयाने २५० जीटीओच्या आकाराला कलाकृती मानून नकलांविरुद्ध संरक्षण दिलं. पण तोवर किती जीटीई गेल्या होत्या.

मग किंमत नेमकी काढायची कशी? घर घेताना आपण जे करतो तेच इथेही करतात: त्याच गल्लीत गेल्या सहा महिन्यांत काय विकलं गेलं ते बघायचं. लिलावांचे आकडे जाहीर असतात, आणि लंडनच्या हागीसारख्या संस्था त्यावरून निर्देशांक काढतात. अमेरिकेतली हॅगर्टी ही विमा कंपनी गाडीची अवस्था एक ते चार अशा श्रेणींत मांडते: एक म्हणजे स्पर्धेत मांडण्याजोगी निर्दोष, दोन म्हणजे उत्तम, तीन म्हणजे चालती-बोलती पण जवळून डाग दिसणारी, चार म्हणजे काम मागणारी. विकणारा आपली गाडी दोन म्हणूनच सांगतो आणि बहुतेक वेळा ती तीन असते. यात त्याची लबाडीच असते असं नाही. रोज बघितलेल्या गाडीतले डाग माणसाला दिसायचे थांबतात.

लिलावाचा आकडा वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. एक, जाहीर झालेल्या आकड्यात खरेदीदाराचं कमिशन मिसळलेलं असतं, साधारण दहा-बारा टक्के. म्हणजे विकणाऱ्याच्या हातात तेवढे पडलेले नसतात. दोन, बहुतेक गाड्यांना एक गुप्त राखीव किंमत असते, आणि तिथवर पोहोचेपर्यंत विकणाऱ्याच्या वतीने बोली लावण्याची मुभा लिलाव कंपनीला असते. नियमांत तसं छापलेलंही असतं. त्यामुळे सभागृहात आकडा चढताना दिसला म्हणजे समोर दुसरं गिऱ्हाईक बसलंय असं धरून चालू नये. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: एकाच मॉडेलच्या दोन गाड्या म्हणजे दोन वेगळी माणसं. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कला १९६२ ची एक जीटीओ ५ कोटी १७ लाख डॉलरला गेली. ती फेरारीच्या स्वतःच्या संघाने शर्यतीत उतरवलेली होती. तिचा आकडा बघून दुसऱ्या जीटीओची किंमत लावता येत नाही, आणि जीटीओ आहेत तरी किती, छत्तीस.

दुरुस्तीचा खर्च किमतीत मिळवायचा का, हा प्रश्न मला फार विचारला जातो. सोनं घेताना आपण घडणावळ देतो. मोडायला गेलो की सराफ सोन्याचा भाव देतो, घडणावळ विसरतो. गाडीचंही जवळजवळ तसंच. मिउराचं इंजिन उतरवून पूर्ण ओव्हरहॉल करायला लाखभर डॉलर सहज लागतात. पुढचं गिऱ्हाईक त्यातला थोडाच भाग मोजतं. म्हणून ज्याने मनापासून खर्च केला आहे त्याची गाडी घेणं बहुतेक वेळा फायद्याचं. फक्त पावत्या मागाव्यात. ‘इंजिन केलंय’ या दोन शब्दांना काडीची किंमत नाही. कोणत्या वर्कशॉपने, कोणत्या महिन्यात, कुठले पिस्टन, कुठले बेअरिंग टाकले, याचा कागद असेल तर गोष्ट वेगळी.

जतन आणि जीर्णोद्धार यांच्यातला तोलही गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बदलला. पूर्वी जुनी गाडी मिळाली की ती पार सोलून नवी करायची चाल होती. ऐंशीच्या दशकात तर पिवळ्या, हिरव्या, तपकिरी फेरारी आणि मिउरा सरसकट लाल केल्या गेल्या, कारण लाल लवकर विकली जायची. आता उलटी गंगा आहे. मालक जुन्या नोंदी काढून पोपटी मिउरा पुन्हा पोपटी करतात, आणि मूळ रंग जुळणाऱ्या गाडीला जास्त मिळतात. २०१७ मध्ये मारानेल्लोतच एका लिलावात धुळीने माखलेली डेटोना आली. ॲल्युमिनियम बॉडीची, रस्त्यावर चालवण्यासाठी बनलेली ती एकमेव. जपानमधल्या एका शेडमध्ये तिने चाळीसेक वर्षं काढली होती. कोणी फडकंही मारलं नव्हतं, आणि ती १८ लाख ७ हजार युरोला गेली. या सौद्यानंतर बाजारात धुळीचंच वेड आलं, ते मात्र मला मान्य नाही. ती किंमत ॲल्युमिनियमची आणि अस्पर्श असण्याची होती. साध्या गाडीवर साचलेली धूळ ही धूळच.

हा बाजार वरच जातो असं समजून कोणी पैसे घालणार असेल तर त्याने दोन गोष्टी आठवाव्यात. पहिली टेक्सासमधली. १९६४ मध्ये एका हायस्कूलच्या वर्कशॉपला एक वापरलेली २५० जीटीओ भेट मिळाली. मुलं तिच्यावर मेकॅनिकचं काम शिकायची. १९७२ मध्ये शाळेने ती ६,५०० डॉलरला विकली. आज सगळे हळहळतात, पण त्या वर्षी ती एक जुनी, मोडकी, शर्यतीतून बाद झालेली गाडी होती आणि तो भाव तेव्हा योग्यच होता. दुसरी गोष्ट तेजीची. ऑगस्ट १९८८ मध्ये एन्झो फेरारी वारले आणि आता ‘खऱ्या’ फेरारी संपल्या या भावनेने, त्यात जपानचा पैसा मिसळून, भाव वेडेपिसे झाले. जीटीओने एक कोटी डॉलर ओलांडले. सगळेच लोक कर्ज काढून घेत नव्हते, पण काही घेत होते. पाचेक वर्षांत त्याच गाड्या तिसऱ्या हिश्शाच्याही खाली विकल्या जात होत्या. एफ४० चं तर चारशे गाड्या बनवायचं ठरलं होतं आणि बनल्या तेराशेहून जास्त. दुर्मिळ म्हणून चढ्या भावाने घेणाऱ्यांना ते नंतर कळलं.

गाडी दारात आल्यावर खर्च थांबत नाही, सुरू होतो. एफ४० ची पेट्रोलची टाकी म्हणजे रबरी पिशव्या असतात, शर्यतीच्या गाड्यांसारख्या. दहा वर्षांच्या आसपास त्या बदलाव्याच लागतात, गाडी हललेली नसली तरी. फेरारी टेस्टारोसाचा टायमिंग बेल्ट बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. मीटरवर अगदी कमी किलोमीटर असलेली गाडी बघून लोक हुरळतात. मला तिची काळजी वाटते. उभी राहिलेली गाडी आतून सुकते: सील कडक होतात, ब्रेकची सिलिंडरं धरतात, टायर दिसायला नवे पण वीस वर्षं जुने. मी त्यापेक्षा दरवर्षी हजार-दोन हजार किलोमीटर चाललेली आणि प्रत्येक सर्व्हिसचा कागद असलेली गाडी निवडेन.

मालकीची साखळी वकिलाकडून तपासून घेणं हा कंटाळवाणा पण अटळ भाग. फेरारी ३७५ प्लस, क्रमांक ०३८४ एएम, अमेरिकेत ओहायोमधून ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस चोरीला गेली आणि बेल्जियममध्ये पोहोचली. वाद पंचवीस वर्षं चालला. तडजोड होऊन २०१४ मध्ये इंग्लंडमध्ये ती एक कोटी पौंडांहून जास्त किमतीला विकली गेली, आणि त्यानंतरही प्रकरण लंडनच्या कोर्टात गेलंच. इटलीतून घेत असाल तर ७५ वर्षांहून जुन्या गाडीला सांस्कृतिक ठेवा म्हणून निर्यातीची परवानगी लागते. आणि इथे भारतात, पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळी नोंदणी आहे: राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं, नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार, आणि अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल यांसाठीच ती रस्त्यावर येऊ शकते.

आता समजा, कागद जुळले, नंबर जुळले, आणि तुम्ही खरोखरच मिउरा बघायला निघालात. विकणाऱ्याला आदल्या दिवशीच निरोप द्या: मी येण्याआधी गाडी चालू करू नका. पोहोचल्यावर पहिलं काम, हात लावून इंजिन गार आहे ना ते बघा. गरम असेल तर त्याला काहीतरी झाकायचं होतं असं समजा, आणि दुसऱ्या दिवसाची वेळ मागा. गार असेल तर मागचं झाकण उघडायला सांगा. चार वेबर कार्ब्युरेटर दिसतील. त्यांच्या बुडाशी, पेट्रोलच्या नळ्यांच्या जोडांवर बोट फिरवा आणि वास घ्या. मिउराचं हे जुनं दुखणं आहे. गाडी सिग्नलला उभी असताना कार्ब्युरेटर भरून पेट्रोल सांडतं, मग ॲक्सिलरेटर दाबला की ठिणगी मिळते, आणि बऱ्याच मिउरा अशाच जळाल्या. नळ्या नव्या आहेत का, कधी बदलल्या, विचारा. मग सोबतच्या मेकॅनिकला अग्निशामक हातात घेऊन मागे उभं करा आणि विकणाऱ्याला किल्ली फिरवायला सांगा. पहिला अर्धा मिनिट इंजिन खोकेल, सगळी सिलिंडरं एकदम धरणार नाहीत. घाबरू नका, बारा जण झोपेतून एकदम उठत नाहीत. तेव्हा कान इंजिनाकडे असू द्या आणि डोळे तेलाच्या दाबाच्या काट्यावर ठेवा.